कुणाकडून झालं

ध्यानाची सात दिवसांची बैठक आटोपून तो कामावर परत गेला, त्या सकाळी त्याला वाटलं, या खोलीत आपण सोळा वर्षं डोळे मिटूनच वावरलो.

खोली काही बदलली नव्हती. चष्म्याच्या दुकानामागची, एका खिडकीची खोली. लांबट टेबल, त्यावर काचेचा नंबर दाखवणारं यंत्र, कोपऱ्यात काचा घासायचं चाक, चाकाखाली बादली आणि बादलीच्या तळाशी काचेचा पांढरा गाळ. टेबलाच्या एका बाजूला तो बसायचा, दुसऱ्या बाजूला काकू. हे काम त्याला काकूंनीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी त्याच्या हातून दिवसाला एखादी तरी काच जायचीच. काकू म्हणायच्या, "जाऊ दे रे, हात शिकतोय. मालकांचं मी बघते." आणि बाहेर जाऊन सांगायच्या, "माझ्या हातून फुटली."

तीन वर्षांपूर्वी तो झेन पद्धतीनं ध्यानाला बसायला लागला, त्याला कारण त्याच्या डोक्यातली भांडणं. आंघोळ करताना मालकांशी, जेवताना धाकट्या भावाशी, सिग्नलला थांबला की पुढच्या गाडीवाल्याशी. तोंडातून चकार शब्द नाही, आत मात्र कोर्ट भरलेलं, आणि निकाल दर वेळी त्याच्याच बाजूनं. एका गिऱ्हाइकानं त्याला पत्ता दिला. दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावरचा एक हॉल. रोज सकाळी तिथं पंधरा-वीस माणसं भिंतीकडे तोंड करून पाऊण तास गप्प बसायची. शिकवणारे गृहस्थ पूर्वी तलावावर पोहायला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तर फार बोलत नसत. "श्वास मोजा. हरवलात की पुन्हा एकपासून," एवढंच. अधूनमधून विचारायचे, "हे सगळं चाललंय ते कुणाला कळतंय? त्याला शोधा."

त्यानं शोधलं. तीन वर्षं शोधलं, आणि त्या सात दिवसांच्या बैठकीत, पाचव्या दिवशी, जिना झाडताना ते घडलं. एक पायरी झाडून तो खालच्या पायरीवर उतरला आणि झाडणारा नाहीसाच झाला. झाडू होता, खराट्याच्या काड्यांचा आवाज होता, धूळ होती, उन्हाची पट्टी होती. यातलं कुठलंच त्याच्यापासून वेगळं नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि झाडू हातात घेऊनच तो मास्तरांकडे धावला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यापर्यंतच झाडून झालंय. खालचा जिना राहिलाय."

तर ती कामावरची पहिली सकाळ अशी होती. चाकावरून पडणारं पाणी, टेबलावरचे ओरखडे, काकूंच्या स्वेटरचा सुटलेला एक टाका, सगळं जणू नुकतंच धुऊन ठेवलेलं. हात आपोआप चालत होते. त्यानं सहा चष्मे केले आणि त्यातला प्रत्येक त्याला पुढं कायमचा आठवत राहिला. तिसरी फ्रेम गडद हिरवी होती, उजव्या बिजागरीचा स्क्रू बदललेला. तिची काच त्यानं उजेडात धरली तेव्हा तिच्या कडेवर एवढासा रंग उमटला होता, आणि त्या रंगाकडे बघत तो किती तरी वेळ उभा राहिला होता.

प्रत्येक कामाबरोबर एक कार्ड असे. ज्यानं चष्मा केला त्यानं कार्डावर आपला शिक्का मारायचा. त्याचा शिक्का त्रिकोणी, काकूंचा गोल. त्या दिवशी त्याचं शाईचं पॅड वाळलेलं होतं. काकू चाकावर पाठमोऱ्या होत्या. त्यांचा शिक्का हाताशी होता, शाईनं ओला. त्यानं तोच उचलला आणि सहाही कार्डांवर मारला. मनात काही वावगं नव्हतं. त्रिकोण काय आणि गोल काय, असंच त्याला त्या सकाळी वाटत होतं.

तीन आठवड्यांनी एक बाई ती हिरवी फ्रेम पाकिटात घालून दुकानात आली. चष्मा तिच्या आईचा होता. आई निवृत्त झालेली, मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलेलं, सगळे तिला शिवणबाईच म्हणत. चष्मा लावल्यापासून आई म्हणत होती की जमीन तिरकी दिसते. दोन दिवसांनी दुकानात येऊन तिनं तसं सांगितलंही होतं. काउंटरवरच्या माणसानं हसून उत्तर दिलं होतं, "नवीन नंबर आहे आजी, सवय होईल." सवय होईल म्हणून आईनं तो नेटानं लावला, आणि मागच्या मंगळवारी घरासमोरच्या चार पायऱ्या उतरताना अंदाज चुकून ती पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

मालक पाकीट घेऊन मागच्या खोलीत आले. त्यांनी काच यंत्राखाली धरली आणि कार्डाशी ताडून बघितली. शिवणबाईंना तिरका नंबर होता. अशा काचेला एक दिशा असते, तिला अ‍ॅक्सिस म्हणतात. ती जितके अंश चुकेल तितकं जग वाकडं दिसतं. कार्डावर एकशे सत्तर लिहिलं होतं. काच बसवली होती सत्तरवर.

"काकू," मालक म्हणाले, "शिक्का तुमचा आहे."

काकूंनी कार्ड घेतलं. मग चष्मा घेतला, स्वतः यंत्राखाली धरला, बाजूला ठेवला, पुन्हा धरला. सत्तावीस वर्षांत त्यांच्याकडून अ‍ॅक्सिस चुकला नव्हता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"शिक्का माझाच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच."

तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. हिरवी फ्रेम, बदललेला स्क्रू, काचेच्या कडेवरचा रंग, सगळं त्याला लख्ख आठवत होतं. बोलायला तोंडही उघडलं होतं. पण छातीत एकदम काहीतरी घट्ट झालं, आणि तीन वर्षांच्या सवयीनं तो त्याच्याकडेच बघायला लागला. ही भीती. हे घशात आलेले शब्द. हा श्वास. तो बघत राहिला. त्याचं बघून होईपर्यंत मालक बाहेर शिवणबाईंच्या मुलीशी बोलायला गेले होते, आणि काकू खुर्चीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

"मला वाटतच होतं रे," त्या म्हणाल्या. "हल्ली संध्याकाळी आकडे जरा हलल्यासारखे दिसतात."

"काकू, ते सगळ्यांनाच होतं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

मालकांनी त्यांना काढलं नाही. "काउंटरवर बसा, माणसांशी बोला, घासकाम हा करेल," असं सुचवलं. काकूंनी नको म्हटलं. आठवडाभरात त्यांनी टेबलाचा आपला अर्धा भाग पुसून स्वच्छ केला आणि आपले बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढं ठेवले. "तुझ्या हातात शोभतील. तुझं कधी चुकत नाही."

त्यानं ते घेतले. न घेऊन काय सांगणार होता?

त्यानंतर तो जास्तच बसायला लागला. सकाळी हॉलमध्ये, संध्याकाळी घरी, जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या खोलीतसुद्धा. डोळे मिटले की काकू स्वतःच्या हातांकडे बघताना दिसायच्या. मग तो मास्तरांनी दिलेला प्रश्न घ्यायचा. हा अपराधीपणा कुणाला वाटतोय? शोध. आणि शोधल्यावर खरोखरच कुणी सापडायचं नाही. एक आठवण, थोडी जळजळ, एक विचार. तेही विरून जायचं. मागं उरायची शांतता, मऊ, स्वच्छ. ती खोटी असती तर त्याला लवकर कळलं असतं. पण ती खरी होती, म्हणून तर चार महिने निघाले.

हॉलमधल्या लोकांना त्याच्यात बदल दिसत होता. कुणी धक्का दिला तरी हा चिडायचा नाही, कुणी बोललं तरी वाईट वाटून घ्यायचा नाही. मास्तरांनी नवीन येणाऱ्यांना कसं बसायचं ते दाखवण्याचं काम त्याच्यावर सोपवलं. नवी माणसं त्याच्याकडे आदरानं बघायची. तो त्यांना सांगायचा, "जे येतं ते येऊ द्या. धरू नका." आवाज छान लागायचा.

घरी मात्र वेगळा सूर होता. त्याची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. कुणाचं क्रियापद चुकलं तर तिला घास गिळवत नसे. एका रविवारी तिचा आवडता कप त्याच्या हातून ओट्यावरून खाली गेला.

"कप फुटला," तो म्हणाला.

"फुटला की फोडलास?"

तो हसला. "फुटला. फोडणारा कोण, ते बघायला गेलं तर..."

"बघायला जाऊ नकोस. झाडू घे." तिनं तुकडे त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर गोळा केले. मग उठता उठता म्हणाली, "एक सांगू? हल्ली तुझ्या वाक्यांना कर्ताच नसतो. सांडलं, राहिलं, विसरलं गेलं, लक्षात आलं नाही. या घरात सगळं आपलं आपण होतं, आणि निस्तरते फक्त मी. माझं वाक्य मात्र व्यवस्थित असतं."

ती थट्टेत बोलली होती. त्यानंही थट्टेवारी नेलं. पण दिवसभर ते कानातून जाईना.

मग एके दिवशी दुपारी औषधांच्या दुकानात त्याला काकू भेटल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच. बारीक झाल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्यांची नणंद हात धरून उभी होती. दोघी विधवा, एकाच घरात राहायच्या, आणि आजवर घराबाहेरचं सगळं काकूच बघायच्या. नणंदेला तर एकटीनं बस पकडायची म्हटलं तरी घाम फुटायचा.

"बरा भेटलास!" काकू म्हणाल्या. गोळ्यांचं पाकीट त्यांनी त्याच्यापुढं केलं. "यावरची तारीख वाच बघू. मला मार्च दिसतंय, पण माझं खरं धरू नकोस."

त्यानं वाचलं. मार्चच होता.

"मार्च आहे काकू. बरोबर दिसतंय तुम्हाला."

"योगायोग असेल," त्या म्हणाल्या. "मी आता स्वतःवर काही सोडत नाही. गॅस बंद केला की हिला बघायला सांगते. सुईदोरा सोडला. रस्ता तर एकटीनं ओलांडतच नाही. त्या बाईंचा हात मोडला माझ्यापायी, आणखी कुणाचं काही व्हायला नको."

"डोळे तपासलेत का?"

"तपासून काय कळायचंय? जे व्हायचं ते झालं." त्यांनी नणंदेचा दंड धरला आणि पायऱ्या उतरल्या. एकेक पायरी चाचपत, हात भिंतीला लावून. पंचावन्न वर्षांची बाई. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं, आणि ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तो घरी बसला तेव्हा प्रश्न घेतला, श्वास मोजला. काही विरलं नाही. तो उठला आणि बायकोला सगळं सांगितलं, हिरव्या फ्रेमपासून मार्चपर्यंत. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "मग काकूंना कधी सांगणार?"

"आधी मास्तरांशी बोलतो."

"म्हणजे अजून एक दिवस," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

मास्तर सकाळच्या बैठकीनंतर एकेकाला आतल्या लहान खोलीत भेटत. तो समोर बसला. खालून दातांच्या मशीनचा बारीक आवाज येत होता.

"एक चूक झाली," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

मग त्यानं हकिकत सांगितली. पण सांगतानाही वाक्यं तशीच येत राहिली. शिक्का मारला गेला. बोलायचं राहून गेलं. काकूंचा गैरसमज झाला. मास्तर ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर हळूहळू वर येत होती.

"आणि चार महिने तुम्ही काय केलंत?"

"बसलो. तुम्ही सांगितलंत तसं शोधलं. शोधल्यावर अपराधी कुणी सापडतच नाही मास्तर."

"असं?" मास्तर म्हणाले. "स्वतःला शोधायला गेलात तर कुणी सापडत नाही. दोष ठेवायला मात्र काकू बऱ्या पटकन सापडल्या."

त्याची कानशिलं तापली. मास्तरांचा आवाज त्यानं कधी चढलेला ऐकला नव्हता; आताही चढला नव्हता, पण त्यातली सगळी मऊ बाजू गेली होती.

"जिन्यावर तुम्हाला जे दिसलं ते खरं होतं," मास्तर म्हणाले. "मी तेव्हाही तसंच म्हटलं, आजही म्हणतो. पण तुम्ही त्याच्या आड जाऊन लपलात. त्या बाईंनी तुमच्या फोडलेल्या काचा आपल्या नावावर घेतल्या, त्यांना ना श्वास मोजता येतो ना भिंतीकडे बसता येतं. आणि तुम्ही इथं नवीन माणसांना सांगताय, धरू नका." मग त्यांनी स्वतःकडे बोट केलं. "ते काम तुम्हाला मी दिलं. तुम्ही किती शांत दिसता एवढंच बघितलं, बाकी काही विचारलं नाही. ती चूक मी केली. माझी मी निस्तरीन. तुम्ही तुमची निस्तरा. तोवर इथं येऊ नका."

"आणि नंतर?"

"आधी जा," मास्तर म्हणाले.

त्यानं काकूंच्या घराची घंटा वाजवली. नणंदेनं दार उघडलं. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. टेबलापाशी बसलेल्या काकूंना रिकाम्या हातांनी त्यानं सोळा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

वाटेत त्यानं बरंच जुळवून ठेवलं होतं. सुरुवात कशी करायची, बैठकीचं सांगायचं, वाळलेल्या पॅडचं सांगायचं. आयत्या वेळी त्यातलं काही आलं नाही.

"काकू, तो हिरवा चष्मा मी केला होता. अ‍ॅक्सिस मी चुकवला. शिक्का तुमचा मारला तोही मीच. आणि मालकांनी कार्ड दाखवलं तेव्हाच मला आठवलं होतं. मी गप्प बसलो."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं ते अगदी कामाचं. "कुठल्या ट्रेमधला?"

"खिडकीकडच्या. सहातला तिसरा."

"एकशे सत्तरच्या जागी सत्तर?"

"हो."

"वाचताना चुकलास की लावताना?"

"लावताना. लक्ष नव्हतं. म्हणजे मी लक्ष दिलं नाही. काचेच्या कडेला रंग दिसत होता, तो बघत होतो."

"रंग," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. नणंद दारात पदराशी चाळा करत उभी होती.

"चार महिने," काकू म्हणाल्या. "माझा नवरा गेला तेव्हासुद्धा मी आठव्या दिवशी टेबलावर होते. हात चालत होते म्हणून उभी राहिले. ते हातच माझे राहिले नाहीत. सकाळी उठले की वाटायचं, आज काय मोडणार आहे माझ्याकडून? आणि तुला माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी औषधाच्या दुकानात माहीत होतं."

"हो काकू."

"आणि तरी वाचून दाखवलंस. मार्च." त्यांचा आवाज चिरकला. "ऊठ. जा माझ्या घरातून."

तो उठला. पायात चप्पल घालत होता, तोच मागून काकूंनी हाक मारली. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली होती.

"थांब. मालकांकडे चल. आत्ता. माझ्यासमोर सांग."

"मी येऊ का गं?" नणंद म्हणाली.

"काही गरज नाही," काकू म्हणाल्या.

जिना त्या त्याच्या आधी उतरल्या. कोपऱ्यावर रस्ता रुंद होता, दोन्हीकडून गाड्या येत होत्या. त्या कडेला थांबल्या. त्यानं सवयीनं हात पुढं केला. काकूंनी त्या हाताकडे असं बघितलं की त्यानं तो मागं घेतला. मग त्या एकट्या ओलांडून गेल्या, ओठ घट्ट मिटून, आणि पलीकडे पोचल्यावर विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. तो अंतर ठेवून उभा राहिला.

मालक संतापले. इतकी वर्षं दुकानात त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला. काउंटरवरचा माणूस खाली मान घालून फ्रेम पुसत राहिला; 'सवय होईल' हे त्याचंच वाक्य होतं, पण ते कुणी काढलं नाही. मालकांनी याला मागच्या टेबलावरून उठवलं. पुढचं ठरेपर्यंत त्यानं फक्त फ्रेम धुवायच्या, काचा पुसायच्या, यंत्राला हात लावायचा नाही. ते त्याला हलकंच वाटलं. जड होतं ते पुढचं. मालक म्हणाले, "त्या शिवणबाईंना कोण सांगणार?"

"मी," तो म्हणाला.

शिवणबाई तळमजल्यावर राहत होत्या. त्या चार पायऱ्या त्यानं चढून जाताना मोजल्या. मुलगी दार उघडून बाजूला झाली. तिच्या तोंडावर राग स्पष्ट होता. शिवणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. नवा चष्मा डोळ्यांवर, उजवा हात उशीवर. मनगट जुळून आलं होतं, पण बोटं अर्धवट वाकलेलीच होती.

"चष्म्यात चूक झाली होती," त्यानं सुरुवात केली.

"काय?" शिवणबाईंनी कानामागं डावा हात धरला. "मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

"चष्म्यात चूक होती!"

"ते माहीतेय! कुणी केली?"

"मी केली!"

"त्या बाईंनी केली असं सांगितलं होतं!"

"त्यांनी नाही केली! मी केली! आणि मी लपवलं!"

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. शेजारचं दार किलकिलं झालं. तो भर दुपारी, उघड्या दारात उभा राहून, एका वृद्ध बाईच्या कानाशी ओरडत होता. एवढं मोठ्यानं 'मी' हा शब्द त्यानं आयुष्यात उच्चारला नव्हता.

शिवणबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चाळीस वर्षं मी मुलींना कापड बेतायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "कात्री चालली की कापड परत जोडता येत नाही, हे पहिल्या दिवशी सांगायची." त्यांनी उशीवरचा हात उचलला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं तळव्यापासून दोन इंचांवर थांबली. "आता यात कात्री बसत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढंच येणार."

त्यानं त्या बोटांवरून नजर हलवली नाही.

"लपवलंत कशाला?"

"भ्यालो!"

"हं," शिवणबाई म्हणाल्या. "हे तरी सरळ बोललात." त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. चष्मा काढून डाव्या हातानं त्याच्यापुढं धरला. "ही दांडी कानाला टोचते. बघा."

त्यानं दांडी बघितली. दोनदा खाली ठेवून पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा बरोबर वाकवली.

काकूंनी डोळे तपासून घेतले. त्यांच्या वयाला असावा तेवढाच नंबर, बाकी डोळे निकोप. पण टेबलावर यायला त्यांना आणखी दोन महिने लागले. पहिल्या दिवशी एक काच करायला त्यांनी तासभर घेतला, सात वेळा यंत्राखाली धरून बघितली, आणि मग उठून हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ बाहेर थांबल्या. डोळ्यांना काही झालेलं नाही हे कागदावर वाचून लगेच हातांना पटत नाही. मालकांनी पुढं त्यालाही टेबलावर घेतलं, मात्र त्याचं प्रत्येक काम काकू तपासणार अशा अटीवर. ती अट काकूंनीच घातली होती. आता त्या कामापुरतं बोलतात. "हे परत कर." "कडा बघ." चहा त्या बाहेर काउंटरवर जाऊन घेतात. पूर्वी दोघं खिडकीशी उभे राहून घ्यायचे. त्यानं एकदा त्यांचे स्क्रूड्रायव्हर परत द्यायचा प्रयत्न केला. "ठेव," त्या म्हणाल्या, "मी नवीन घेतलेत." त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

हॉलमध्ये तो पुन्हा जायला लागला, पण दाराजवळच्या कोपऱ्यात बसतो. नवीन माणसांना दाखवायचं काम मास्तर स्वतः करतात. तो परत आला त्या दिवशी मास्तरांनी विचारलं होतं, "काय म्हणाल्या काकू?" त्यानं सांगितलं, "घरातून जा म्हणाल्या." मास्तरांनी मान हलवली आणि कपाटातून एक गादी काढून दिली.

जिन्यावरचं ते पुन्हा कधी आलं नाही. येईल की नाही त्याला माहीत नाही, आणि त्याची वाट बघायचीही त्याला आता लाज वाटते. बसलं की शिवणबाईंचा हात समोर येतो, न मिटणाऱ्या बोटांचा. पूर्वी असं काही आलं की तो लगेच विचारायचा, हे कुणाला दिसतंय? आता विचारत नाही. कुणाला दिसतंय ते त्याला ठाऊक आहे. हात येतो, राहतो, त्याच्या श्वासाबरोबर थोडा वरखाली होतो. कधी लवकर जातो, कधी पूर्ण पाऊण तास जात नाही.

साडेआठला घंटा होते. तो गादी झटकून कपाटात ठेवतो आणि झपाझप जिना उतरतो, कारण दुकान नऊला उघडतं आणि काकूंना उशीर झालेला चालत नाही.